वरच्याचे हात

बांधकामावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये, जमिनीपासून सतरा मजले उंच, तो दिवसभर एकटा बसलेला असायचा आणि खालचं एकही जड काम त्याच्याशिवाय पुढे सरकत नसे. सळ्या कधी येणार, काँक्रीट कधी चढणार असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "वरच्याची मर्जी." नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, इथले लोक फारच देवभोळे दिसतात.

त्या दोन महिन्यांबद्दल आता तो स्वतःच हसत सांगतो. तेव्हा मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

त्याला एकच शौक होता. रविवारी दुपारी चारला तो आणि त्याची ताई कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळायचे. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या गावात राहणारी, मुलांना पोहायला शिकवणारी. दोघांच्याही घरी टेबलाला लावलेलं स्टिअरिंग आणि पायाशी पेडलं होती, कानाला हेडफोन. खेळ जुनाच होता, सात-आठ वर्षांपूर्वीचा, पण त्यातला घाटरस्ता दोघांना आपल्या गल्लीसारखा पाठ होता. वळणांना त्यांनी स्वतः नावं दिली होती. एक 'आजीचं वळण', कारण ते सरळ येता येता अचानक रुसायचं. एक 'पेट्रोलपंप', कारण तिथे रस्त्याकडेला एक पंप रंगवलेला होता. पंपाची पिवळी पाटी दिसली की ब्रेक दाबायचा, गाडी बरोब्बर आत वळायची. शर्यत निमित्त होती. शर्यतीच्या ओघात घरातलं, दारातलं, तब्येतीचं, शेजाऱ्यांचं सगळं बोलून व्हायचं. जिंकायचा मात्र तोच. दहातल्या आठ वेळा तरी. ताई म्हणायची, "अख्खा दिवस दांडे हलवून पगार घेतोस, तुझ्याशी काय बरोबरी."

मग लेकीला घरून काम करायची नोकरी लागली. तिला आतली खोली आणि छोटा स्क्रीन देऊन त्याने आपला कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आणला आणि मोठ्या टीव्हीला जोडला. दाराएवढा टीव्ही. पहिल्यांदा त्यावर घाटरस्ता दिसला तेव्हा तो बायकोला हाक मारून म्हणाला, "बघ, झाडांची पानंसुद्धा दिसतायत." बायकोने बघितलं, छान म्हणाली, आणि तिची मालिका सातला असते याची आठवण करून दिली.

त्या रविवारी तो हरला. खुर्ची नवीन, टेबल बुटकं, असं म्हणून त्याने सोडून दिलं. पुढच्या रविवारी हरला. तिसऱ्या रविवारी पेट्रोलपंपावर त्याची गाडी चार वेळा वाळूत गेली. पाटी दिसत होती, पाय ब्रेकवर जात होता, आणि तरी गाडी पुढे निघून गेलेली असायची. थोडीशीच. कुणी मागून हळूच ढकलल्यासारखी.

"झोप झाली नाही का रे?" ताईने विचारलं.

"झाली की."

"बरं," असं म्हणून ती गप्प झाली. ताई गप्प होण्यातली नव्हती.

आता इथे त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. वडील शिंपी होते, आणि असे तसे नव्हे. त्यांच्या हातचा शर्ट अंगात घातला की माणूस ताठ उभा राहायचा. पंचेचाळिशीनंतर कधीतरी त्यांचे हात थरथरायला लागले आणि पुढे सगळं आयुष्यच थरथरत गेलं. कंपवात, डॉक्टर म्हणाले. पण लोकांना दिसली ती थरथर. या दोन भावंडांना आठवत होतं ते त्याच्या आधीचं वर्ष. थरथर नंतर आली. आधी आला तो उशीर. आईने हाक मारली की वडील मान वळवायचे, पण क्षणभर थांबून. कापडावर खडूची रेघ थांबायला हवी तिथून बोटभर पुढे जायची. काजं करायला दुप्पट वेळ लागायला लागला. ते वर्षभर वडिलांनी कुणाला कळू दिलं नाही. कापड वाईट आलंय, दिवा मंद आहे, कात्रीला धार नाही असं सांगत राहिले. त्यांनी तीन कात्र्या बदलल्या.

तो आता सेहेचाळीस वर्षांचा होता.

असेच आणखी काही रविवार गेले. ताईशी तो याबद्दल बोलला नाही, बायकोशी नाही. बोलला तो कामावरच्या खुणेवाल्याशी, आणि तेही आडून. खुणेवाला म्हणजे खाली उभा राहून वॉकीटॉकीवर क्रेनला दिशा सांगणारा त्याचा जोडीदार. पन्नाशीचा, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत असणारा. डबा खाताना त्याने विचारलं, "टीव्हीवर खेळ जरा मागे मागे पडतो असं वाटतं. का होत असेल?"

खुणेवाल्याला असल्या प्रश्नाचीच भूक होती. "सरळ आहे. पडदा मोठा केलास, कार्ड तेच जुनं. छोट्या चुलीवर मोठं पातेलं चढवलं तर पाणी उकळेल का? चित्रं तयार करणारं नवं ग्राफिक्स कार्ड घे. आणि घ्यायचंच तर भारीतलं घे. दुकानात विचारतील काय खेळता म्हणून, तर सांगायचं सगळं. जुना खेळ म्हणालास की जुना माल गळ्यात मारतात."

हे ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने आपल्या डब्यातलं अर्धं खुणेवाल्याला दिलं. यंत्राचा दोष असेल तर यंत्र बदलता येतं.

शनिवारी तो कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा डोक्यावर, हातात स्क्रूड्रायव्हर, काउंटरवर कुणाचा तरी उघडा पडलेला कॉम्प्युटर. त्यांनी विचारलं, "काय खेळता?"

"सगळं," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. "आत्ताचं कार्ड कुठलं आहे? स्क्रीन?"

"तुमच्याकडचं सगळ्यात भारी द्या."

अशा गिऱ्हाइकाला कुठला दुकानदार किती अडवणार? त्यांनी दिलं. विटेएवढं जड, तीन पंख्यांचं, पगाराचा मोठा घास घेणारं. घरी आणून त्याने स्वतःच बसवलं. स्क्रू आणि वायरी त्याला नव्या नव्हत्या. खेळ सुरू केला तर कोपऱ्यातला वेगाचा आकडा, जो पूर्वी साठच्या आसपास रेंगाळायचा, तो एकशे चाळीसवर जाऊन बसला. सेकंदाला एकशे चाळीस चित्रं. मशीन धावत होतं, यात शंका नव्हती.

आणि रविवारी पेट्रोलपंपावर गाडी वाळूत गेली. पाच वेळा.

पाचव्या वेळी त्याने स्टिअरिंगवरून हात काढले आणि मांडीवर ठेवले. हेडफोनमधून ताई म्हणाली, "चल, आज पुरे करू. मला जरा काम आहे." तिला काम नव्हतं हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिला कळलं. तीन कात्र्या, त्याच्या मनात आलं. मी चौथी विकत आणली.

सोमवार कसाबसा गेला. क्रेनचं काम शर्यतीसारखं नसतं. तिथे घाई नसते, अंदाज असतो. आकड्याला लटकलेलं वजन झोका घ्यायला लागलं की त्याच्या मागे धावायचं नसतं. ते जिथे जाणार आहे तिथे आधी पोहोचायचं, म्हणजे झोका आपोआप मरतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हातांना येत होतं. पण सोमवारी तो हातांकडे बघायला लागला. चालताना पावलांकडे बघत राहिलं की माणूस अडखळतो, तसं झालं. प्रत्येक हालचालीनंतर तो स्वतःला विचारायचा: वेळेवर झाली का?

मंगळवारी सकाळी नवव्या मजल्यावर लोखंडी प्लेटांचा गठ्ठा उतरवायचा होता. वर तिघं वाट बघत उभे होते. गठ्ठा मजल्याच्या कडेशी आला आणि वाऱ्याचा झोत आला. गठ्ठा हलला. त्याने दांडा सरकवला, झोका मेला, गठ्ठा जागेवर टेकला. तिघांपैकी एकाने हात वर करून ठीक अशी खूण केली. काहीही झालं नव्हतं. पण दांडा त्याने वाऱ्याबरोबर सरकवला की वाऱ्यानंतर, हे त्याला काही केल्या आठवेना.

त्याने वॉकीटॉकी उचलला. "मी खाली येतोय."

"जेवायला अजून अवकाश आहे," खालून खुणेवाला म्हणाला.

"माहीत आहे."

सतरा मजल्यांची शिडी उतरायला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात इंजिनियर मॅडम क्रेनच्या पायथ्याशी येऊन उभ्या होत्या. तिशीच्या, कडक, पण त्याला काका म्हणायच्या.

"काका, काय झालं?"

"माझे हात उशिरा चालतायत असं मला वाटतंय, मॅडम. वडिलांना कंपवात होता. तपासून घेईपर्यंत मी वर बसत नाही."

"पण आत्ता काही झालं का? कुणाला लागलं?"

"काही झालं नाही. म्हणूनच आज सांगतोय. झाल्यावर सांगण्यात काय अर्थ."

 मॅडमनी फोन काढून दुसऱ्या साइटवरचा बदली ऑपरेटर मागवला आणि कंपनीच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली. जाताना म्हणाल्या, "काका, वीस वर्षांत हे असं येऊन सांगणारे किती भेटले असतील मला? माझ्या नोकरीला तर वीस वर्षं झालीच नाहीत, पण तरी सांगते. एकही नाही." खुणेवाला बाजूला उभा होता. त्या दिवशी त्याच्याकडे कुठलंही मत नव्हतं.

अकरा वाजता नवऱ्याला दारात बघून बायकोने हातातलं काम ठेवलं. त्याने सगळं सांगितलं, वडिलांच्या उशिरापासून पेट्रोलपंपापर्यंत.  शेवटी ती म्हणाली, "दोन महिने एकटेच डोक्यात घेऊन फिरलात?"

"कार्डाने होईल असं वाटलं."

"कार्डाने काय होणार होतं, डोंबल." मग तिने त्याचा हात धरला, उलटासुलटा करून बघितला, जणू तिथे काही लिहिलेलं सापडेल. "मला तर हा हात आहे तसाच दिसतो. पण मी काय डॉक्टर नाही. ताईंना फोन लावा."

"ताईला कशाला?"

"त्यांच्याही वडिलांची गोष्ट आहे ही. लावा."

त्याने फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"धाकट्या, तुला एक सांगू? रागवू नकोस. मी तीन आठवडे मुद्दाम हळू चालवत होते."

"म्हणजे?"

"आजीच्या वळणावर पाय उचलत होते. तुला वाटावं की चुरस आहे. तरी तू मागेच राहायचास. खेळ संपला की मी यांच्याजवळ बसून रडायचे. मी इथल्या एका डॉक्टरांचा नंबरसुद्धा काढून ठेवलाय तुझ्यासाठी. सांगायचं धाडस होत नव्हतं."

हा सगळ्यात जोराचा फटका होता. त्याला एकट्याला वाटत होतं तोवर ती शंका होती. ताईलाही दिसलं म्हणजे ती खरी झाली. पण फोन ठेवल्यावर, का कोण जाणे, तो त्या दुपारी दोन तास गाढ झोपला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

बुधवारी रिकामा बसवेना. नवं कार्ड घरात विटेसारखं पडून राहणार, त्यापेक्षा परत करावं, असं ठरवून तो जुनं कार्ड पिशवीत टाकून, कॉम्प्युटर उचलून दुकानात गेला. बाई कुणाचा तरी पंखा साफ करत होत्या.

"कार्ड परत घ्याल का?"

"घेईन की, आठवडा कुठे झालाय. काय खराबी आहे?"

"कार्डात नाही. माझ्यात आहे."

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "भाऊ, या काउंटरवर रोज कोणी ना कोणी काही परत आणतं. कार्ड खराब, केबल खराब, तुम्ही खराब दिलंत, सगळं ऐकते. मीच खराब आहे म्हणणारे तुम्ही पहिले. बसा. परत घ्यायच्या आधी मला ते चालवून बघावंच लागतं. खेळ यातच आहे ना?"

गिऱ्हाइकांना बसून बघायला त्यांनी एका टेबलाला स्टिअरिंग लावलेलं होतं. समोर साधा, मध्यम आकाराचा मॉनिटर. बाईंनी कॉम्प्युटर जोडला. "तुमचा खेळ, तुम्हीच चालवा. मी आकडे बघते."

त्याला चालवायचं नव्हतं. चारचौघात नव्हे, पण एका परक्या बाईसमोर वाळूत जायचं. तरी बसला. घाट सुरू झाला. आजीचं वळण गेलं, पूल गेला, पेट्रोलपंपाची पिवळी पाटी आली, पाय ब्रेकवर गेला.

गाडी वळली. कडेच्या पांढऱ्या पट्टीला चाक घासून, बरोबर आत, पूर्वी नेहमी वळायची तशी.

त्याला वाटलं, योगायोग. दुसऱ्या फेरीत पुन्हा वळली. तिसऱ्या फेरीत तो पाटीच्याही जरा पुढे जाऊन मुद्दाम उशिरा दाबायला गेला, आणि गाडी निघून गेली; त्याने ठरवलं होतं तेवढीच, एक वीतभरही जास्त नाही.

"कार्ड उत्तम आहे," बाई म्हणाल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं हो?"

तेव्हा त्याने त्यांना सांगितलं. घरी जे आदल्याच दिवशी पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं होतं ते इथे सरळ निघालं. बाईंनी मधेच उठून त्याला पाणी दिलं, त्याचं जुनं कार्ड पिशवीतून काढलं, कॉम्प्युटर उघडून तेच परत बसवलं आणि म्हणाल्या, "आता यावर चालवा."

आकडा साठवर आला. गाडी पेट्रोलपंपावर वळली. पुन्हा वळली. झाडं जराशी भरड दिसत होती, बाकी काही नाही.

"घरी स्क्रीन कुठला आहे?"

"टीव्ही. मोठा."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि त्याला वाटलं त्या आता हसणार. पण त्या हसल्या नाहीत. फार हळू बोलल्या, लहान मुलाला सांगावं तसं. "भाऊ, टीव्हीला आलेलं चित्र तसंच्या तसं दाखवायची सवय नसते. आधी त्याचे रंग उजळ करतो, कडा घासतो, हालचाल गुळगुळीत करतो, मग दाखवतो. दार वाजलं की आधी केस विंचरणार, आरशात बघणार, मग दार उघडणार, असली माणसं असतात ना, तसा. मालिकेला त्याने काही बिघडत नाही, कारण आवाजही तो तेवढाच थांबवून सोडतो. पण खेळात पाटी तुम्हाला दिसते तेव्हा ती मागे पडलेली असते. सेकंदाचा सातवा-आठवा हिस्सा असेल. तेवढ्यात तुमची गाडी पाच-सहा मीटर पुढे."

त्याने पुन्हा एकदा पडद्यावरच्या पिवळ्या पाटीकडे बघितलं.

"कार्ड चारपट भारी लावा, दहापट भारी लावा, ते चित्र लवकर तयार करेल आणि टीव्ही केस विंचरत बसेल." मग त्या जराशा ओरडल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिवशी स्क्रीन विचारला होता मी. तुम्ही म्हणालात, सगळ्यात भारी द्या."

"म्हणजे माझा पाय..."

"तुमचा पाय वेळेवर आहे. मी इथे बसून बघितला. मी डॉक्टर नाही, शुक्रवारी जायचंय तर जाच. पण वाळूत जायचं कारण हे आहे, हे मी लिहून देते."

त्याने हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले आणि मान खाली घातली. बाईंनी पंख्याचा ब्रश उचलला आणि त्याच्याकडे पाठ करून बराच वेळ तो पंखा साफ केला. पंखा केव्हाच स्वच्छ झाला होता.

नंतर त्यांनीच सांगितलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम' असं लिहिलेलं असतं, ते चालू केलं की तो आवरणं-सावरणं सोडून देतो. फुकट. भारी कार्डाचं काय, असं त्याने विचारलं.

"ज्याला लागतं त्याला लागतं. माझ्याकडे एक अॅनिमेशन करणाऱ्या बाई येतात; एक दृश्य तयार व्हायला त्यांचा अख्खा दिवस जायचा, आता दुपारी जेवायच्या आत होतं. त्यांनी या कार्डाला मिठी मारली तरी मला नवल वाटणार नाही. नव्या खेळांनाही लागतं, ज्यात गवताचं पातं न् पातं वेगळं हलतं. तुमच्या खेळात गवत म्हणजे हिरवा रंग. त्यावर हे कार्ड झोपा काढेल."

कार्ड परत करून तो बाहेर पडला आणि दुकानाच्या पायरीवरूनच त्याने बायकोला फोन केला. "टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. तिथे गेम म्हणून काही आहे का बघ."

"का?"

"बघ तर."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आहे. बंद आहे."

"बंद आहे," तो म्हणाला आणि हसायला लागला. फुटपाथवर हातात कॉम्प्युटर, कानात फोन, आणि हसू आवरेना. पलीकडून बायको, "अहो, काय झालं, बोला तरी," म्हणत होती. सगळं सांगून झाल्यावर तीही हसली. मग तिने विचारलं, "आणि माझी मालिका?"

"मालिकेच्या वेळी पुन्हा बंद करू."

शुक्रवारी डॉक्टरांकडे तो गेलाच. त्यांनी बोटांनी टिचक्या वाजवायला लावल्या, गोल गोल चक्र काढायला लावलं, चालायला लावलं, वळायला लावलं. एक पट्टी वरून सोडली आणि पकडायला सांगितलं, दहा वेळा. नवव्यांदा पकडल्यावर म्हणाले, "तुम्ही मागच्या जन्मी मांजर होता का?" दहावी पट्टी मात्र त्याने हसण्यात सोडली. कागद भरून झाल्यावर डॉक्टर गंभीर झाले. "आज मला कसलंही लक्षण दिसत नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही, कुणीच नाही. वर्षातून एकदा येत जा."

"आजचं पुरे आहे," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी तो शिडी चढून वर गेला. वाराही होता. पहिलाच भारा सळ्यांचा. आकडा खाली गेला, भारा उचलला, अर्ध्यावर झोक्याला लागला, आणि दांडा आपोआप सरकला. त्याच्या ते खूप नंतर लक्षात आलं, चौथा की पाचवा भारा उतरवताना. त्याने हातांकडे एकदाही बघितलं नव्हतं. दुपारी खुणेवाला वॉकीटॉकीवर म्हणाला, "मी तरी तुला म्हटलंच होतं, आधी टीव्ही तपास." त्याने उत्तर दिलं नाही. वरच्याने सगळ्यांनाच उत्तर द्यायचं नसतं.

ताईने त्याच दिवशी स्वतःचीही तपासणी करून घेतली. तिने ती इतकी वर्षं टाळली होती हे तिने रविवारी खेळ सुरू होता होता सांगितलं, अगदी सहज, हेडफोन नीट करत. मुलांच्या पोहण्याची वेळ मोजताना घड्याळाचं बटण दाबलं की दर वेळी तिला वाटायचं, उशिरा तर दाबलं नाही ना. डॉक्टरांनी तिलाही मोकळं सोडलं होतं.

"आणि आता हळू चालवायचं नाही," तो म्हणाला.

"आता तू बघच."

टीव्ही आवरत-सावरत नव्हता. पेट्रोलपंपावर गाडी वळली, आजीच्या वळणावर रुसवा ओळखून आधीच सावरली. चार फेऱ्यांत तो पुढे होता. पाचव्या फेरीत त्याला हाव सुटली, पुलावरच वेग वाढवला, गाडी कठड्याला घासली आणि ताई बाजूने सुसाट निघून गेली. दोन सेकंदांनी हरला. वाईट वाटण्याऐवजी त्याला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. कारण का हरलो हे त्याला नेमकं माहीत होतं. हाव. तिला डॉक्टर लागत नाही.

"हरलास की रे."

"हरलो. स्वच्छ हरलो."

मग पुढची शर्यत सुरू करायच्या ऐवजी ताईने गाडी रस्त्याकडेला घेतली. त्यानेही तिच्या शेजारी आणून लावली. दोन गाड्या घाटात उभ्या, इंजिनं गुरगुरत. ताई म्हणाली, "बाबांनी तुझ्या शाळेच्या समारंभाला शिवलेला निळा शर्ट आठवतो? कॉलर बघ कशी बसली होती."

त्याला आठवत होता. मग तिला हिरव्या फ्रॉकचे खिसे आठवले, त्याला काजं आठवली. इतकी एकसारखी की पाहुणे यंत्रावर केली असं समजायचे. वडिलांबद्दल ते दोघं किती वर्षांनी बोलत होते कोण जाणे. आजारापाशी जाऊन अडेल म्हणून तो विषय दोघांनी मिटूनच टाकला होता. आज तो आजाराच्या आधीच थांबला, दुकानातल्या त्या लांब टेबलाशी, जिथे खडू, पट्टी आणि कापडाचा वास होता आणि वडील भराभर कापत होते.

सातला पाच कमी असताना बायको दारात येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिने पडद्याकडे बघितलं. गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि नवरा हेडफोन लावून डोळे पुसत हसत होता.

"ताईंना नमस्कार सांगा," ती म्हणाली, "आणि गाड्या नुसत्या उभ्याच ठेवायच्या असतील तर टीव्ही इकडे द्या."